बाईसाहेबांना ब्रेक नसतो

३ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र आलं. वाचायला दोन दिवस लागले. हल्ली तुझ्या ओळी कागदाच्या उजव्या कडेला पोचल्या की खाली घसरतात, आणि मधेच तू एका ओळीवर दुसरी ओळ लिहितेस. ‘कोंबड्यांना थंडी बाधली’ आणि ‘मी ठणठणीत आहे’ ही दोन वाक्यं एकाच जागी होती. त्यामुळे नक्की कोण ठणठणीत आहे ते कळलं नाही.

उन्हाळ्यात तुमच्याकडे डोळे तपासून गेलेल्या डॉक्टरांना मी इथे गाठलं. ते म्हणाले, उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला आहे. हिवाळ्यात तुमची वाट बंद व्हायच्या आत ऑपरेशन झालं नाही तर पुढे त्या डोळ्याची खात्री ते देत नाहीत. डावाही त्याच मार्गाला लागला आहे. हे त्यांनी तुलाही सांगितलं होतं म्हणे. तू मला ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’ असं कळवलं होतंस.

आता लिहितेस, पोस्ट ऑफिस कुणावर टाकून येऊ. मागच्या पत्रात कोंबड्यांचं कारण होतं, त्याच्या आधी छपराचं. मी समजू शकतो. भावजी गेल्यापासून तू एकटी, आणि वरचा रस्ता ढासळल्यापासून तीन वर्षं तू खाली उतरलेली नाहीस. एकटीने निघायचं जिवावर येत असणार. म्हणून मी ठरवलं आहे की मीच वर येतो आणि तुला घेऊन जातो. चढायला माझे गुडघे नाहीत, उतरायला तुझे नाहीत. राहिला घोडा.

घोडा पाहिला की मी रस्ता बदलतो हे तुला ठाऊक आहे. पण तीस वर्षं मी लोकांना मोटार शिकवतो आहे. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी रडणारी माणसं मी रस्त्यावर आणली. जनावर त्याहून वेगळं असून असून किती असणार? या रविवारपासून शिकवणी लावली आहे.

तुझा धाकटा

१२ ऑगस्ट

धाकट्या,

तू घोड्यावर बसणार हे वाचून मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं माझेच डोळे.

अरे, शेजारच्यांचं कुत्रं बांधलेलं असायचं, तरी तू दोन गल्ल्यांचा वळसा घालून शाळेत जायचास. मी तुझा हात धरून न्यायचे, तर तू डोळे मिटून चालायचास. या वयात कसली ही हौस?

माझी काळजी करू नकोस. काम चाललं आहे. परवा तारखेचा शिक्का पाकिटावर मारायचा तो डाकवाल्याच्या अंगठ्यावर बसला. तो दिवसभर तारीख घेऊन फिरला. पण असं कुणाचंही होतं.

पोस्टाचं म्हणशील, तर बदलीचा माणूस आल्याशिवाय मला हलता येणार नाही, आणि माणूस ते पाठवत नाहीत. मी अर्ज केलेला नाही हे खरं, पण केला असता तरी पाठवला नसता.

ताई

२१ ऑगस्ट

ताई,

बदलीच्या माणसासाठी मी इथल्या मुख्य पोस्टात जाऊन अर्ज देऊन आलो आहे. तुझ्या वतीने सहीही केली. साहेब म्हणाले, बाई मागतच नव्हत्या, नाहीतर केव्हाच पाठवला असता.

शिकवणी सुरू झाली. शिकवणारी मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. चौकात गाडी बंद पडली म्हणून ती माझ्याशेजारी ओक्साबोक्शी रडली होती, आणि मी तिला म्हणालो होतो, ‘घाबरायचं काय त्यात?’ तिने ओळख ठेवली आहे.

घोडीला सगळे बाईसाहेब म्हणतात. रंगाने तपकिरी, वयाने माझ्यासारख्याच. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की बसण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारावी, चाकं बघावीत. तशी मी बाईसाहेबांभोवती मारायला घेतली. मागच्या बाजूला पोचलो तेव्हा मास्तरीण जोरात ओरडली. घोड्याच्या मागे उभं राहायचं नसतं. पहिला धडा तिथेच संपला.

काल मात्र बसलो. खालून बघताना घोडा तितकासा उंच वाटत नाही. वरून जमीन फार खोल दिसते. आरसे नाहीत. मागून कोण येतंय ते बाईसाहेबांना दिसत असावं, कारण त्यांचे डोळे बाजूंना आहेत, पण त्या सांगत नाहीत. मग त्या मला न विचारता एक पाऊल पुढे गेल्या. मी श्वास रोखून दोन्ही हातांनी खोगीर धरलं.

“सर, श्वास घ्या,” मास्तरीण म्हणाली.

“घेतोय.”

“सोडा पण.”

एकूण प्रगती समाधानकारक आहे असं तिचं मत. तिने ते दुसरीकडे बघत सांगितलं.

तुझा धाकटा

३० ऑगस्ट

धाकट्या,

माझ्या नावाने सही केलीस हे बरं केलं नाहीस. असो.

ऐकतच नाहीस तर निदान नीट शीक. तुझ्या त्या पोरीला काय येतंय कोण जाणे, इथे घोड्यांशिवाय आमचं पान हलत नाही, म्हणून चार गोष्टी सांगते. घोड्याने कान मागे पाडले की त्याची मर्जी गेली समजावं. एक मागचा पाय सैल सोडून, मान खाली घालून उभा असला की तो डुलक्या घेतोय. तोंडाला दाण्याचा तोबरा बांधलेला असताना त्याला हात लावू नये. माशा फार असल्या की शेपटीचा फटका बसतो, त्यात त्याचा राग नसतो. पाठीवरचं ओझं एका बाजूला कललं की तो मान वाकडी करून तुमच्याकडे बघतो. अशा वेळी ओझं बघावं, घोड्याकडे बघू नये.

थोडक्यात, जनावराला विश्वासात घ्यायचं. मी काय, रोज त्यातच आहे. सवय झाली की काही वाटत नाही.

ताई

१४ सप्टेंबर

ताई,

तुझ्या सूचना मास्तरणीला वाचून दाखवल्या. सगळ्या बरोबर आहेत म्हणाली. त्यांचा उपयोग करायची वेळ मात्र अजून आलेली नाही, कारण बाईसाहेब उभ्या असताना माझी काही अडचण नसते.

माझं घोडं कुठे पेंड खातंय ते आता कळलं आहे. तीस वर्षं मी मोटारीत शिकवणाऱ्याच्या जागेवर बसलो. त्या बाजूला माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो. शिकणारा कुणाच्या अंगावर जायला लागला की मी तो दाबतो. आता पायाला इतकी सवय झाली आहे की मी बसमध्ये दाबतो, घरी खुर्चीत बसून बातम्या ऐकतानाही दाबतो.

बाईसाहेबांवर बसून मी घाबरलो की ब्रेक दाबतो. दाबला की टाच त्यांच्या पोटात रुतते. टाच रुतली म्हणजे पळायचं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं आहे. त्या पळाल्या की मी घाबरतो, घाबरलो की ब्रेक दाबतो. अशा आम्ही मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. मास्तरीण मधोमध उभी राहून ‘पाय सैल! पाय सैल!’ म्हणत होती, आणि माझ्या पायाला वाटत होतं की आपण अजून पुरेसं दाबत नाही आहोत. चौथ्या फेरीत मी उतरलो. उतरण्याची पद्धत बरोबर नव्हती. कोपर सुजलं आहे आणि डाव्या कुशीवर झोपता येत नाही.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, हातपाय गाळले. संध्याकाळी मास्तरीण घरी आली. म्हणाली, “सर, तुम्ही ‘घाबरायचं काय त्यात’ म्हणायचात ना, तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. ब्रेक तुमच्या पायाखाली होता.”

यावर मी तिला चहा घेणार का असं विचारलं.

ताई, मी स्वतःला धीट समजत होतो. मी धीट नव्हतो, मला ब्रेक होता. आणि रडणाऱ्या माणसांना मी खुशाल विचारत होतो, घाबरायचं काय.

या रविवारपासून ती माझ्या रिकिबी काढून घेणार आहे. पाय टेकायला काही नाहीच, तर दाबणार काय, असा तिचा विचार आहे. मला तो क्रूर वाटतो. पण जाणार आहे.

तुझा धाकटा

२३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पत्र दारात उन्हात धरून वाचलं, तरी शेवटचं पान डाकवाल्याकडून वाचून घ्यावं लागलं. ‘उतरण्याची पद्धत बरोबर नव्हती’ इथे तो हसला. मी त्याला चहा दिला नाही.

आता बास. या वयात हाड मोडलं की सांधत नाही. तू पडल्याचं ऐकल्यापासून माझ्या तोंडाला चव नाही. मला दिसतं तेवढं पुरतं. माणसं आवाजावरून कळतात, पाकिटं जाडीवरून. यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. बदलीचा माणूस आला तर मी त्याला परत पाठवीन.

मी थोरली आहे आणि थोरली म्हणून सांगते आहे, तू येऊ नकोस.

ताई

४ ऑक्टोबर

ताई,

तू थोरली आहेस, म्हणून आधी तुझ्या पत्राला उत्तर देतो. मी येणार.

रिकिबीशिवाय पहिले दोन रविवार माझा पाय हवेत ब्रेक शोधत होता. सापडला नाही. मग मास्तरीण म्हणाली, थांबायचं असेल तर पायाने काही करू नका, नुसतं जड बसा आणि श्वास सोडा. मी सोडला. बाईसाहेब थांबल्या. मी इतका चकित झालो की त्या पुन्हा चालू लागल्या तेव्हा घाबरायचं राहून गेलं. आता आम्ही दुडक्या चालीने जातो. माझी भीती गेलेली नाही, पण तिला आता मागे बसवलं आहे, लगाम माझ्या हातात आहे.

दुसरं. ताई, मी तीस वर्षं शिकवतो आहे. ‘मला गाडी येते, थोडा सराव हवाय’ असं सांगत येणाऱ्यांपैकी कोण खरंच चालवून आलाय आणि कोण नुसता शेजारी बसून आलाय, हे मला पहिल्या वळणाच्या आत कळतं. तुझं ऑगस्टातलं पत्र मी परत काढून वाचलं. कान, शेपटी, तोबरा, डुलक्या. तुझा घोडा सगळ्या पत्रात एकदाही हललेला नाही. तो पोस्टाच्या दारात उभा आहे आणि तू खिडकीतून बघते आहेस. आणि मांड्यांबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. जो माणूस घोड्यावर एकदा बसला, तो मांड्यांबद्दल बोलल्यावाचून राहूच शकत नाही. मी भेटेल त्याला सांगतो आहे.

तू घोड्यावर कधी बसलेलीच नाहीस ना? छप्पर, कोंबड्या, बदलीचा माणूस, हे सगळं तेच ना?

रागावू नकोस. खरं काय ते लिही. डोळ्याचा प्रश्न आहे.

तुझा धाकटा

१२ ऑक्टोबर

धाकट्या,

हो.

दोनदा प्रयत्न केला होता. रस्ता ढासळला त्या वर्षी डाकवाल्याने घोडा ओट्याला लावला, मी ओट्यावर उभी राहिले. नुसता पाय टाकायचा होता. मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि आत गेले. दूध नव्हतंच. दुसऱ्यांदा वर बसले, आणि त्याने अंग झटकलं. सगळे घोडे झटकतात. मी उतरले आणि सगळ्यांना सांगितलं की कंबर धरली. तेव्हापासून माझी कंबर धरलेलीच आहे.

कशाची भीती वाटते विचारशील तर सांगता येत नाही. तो मोठा आहे. त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. आता तर पाय कुठे पडतोय तेही दिसत नाही. इथली चालायला न लागलेली पोरंसुद्धा घोड्यावर बसून लसी टोचून घ्यायला जातात, आणि मी सरकारी शिक्का हातात घेऊन दारात उभी. कुणाला सांगणार? घरात भित्रा तू होतास. ती जागा तुझी होती. मी तुझा हात धरून नेणारी. मग मला भीती वाटते हे तुला कोणत्या तोंडाने लिहू?

आंधळी व्हायची भीती वाटत नाही असं नाही. रोज सकाळी उठून आधी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर शोधते. पूर्वी आकडे दिसायचे, मग नुसता कागद दिसायचा, आता भिंत दिसते. तरी घोडा दारात आला की वाटतं, राहू दे, भिंत दिसतेय तेवढी पुरे. हे मूर्खपणाचं आहे हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

हे पत्र डाकवाल्याला वाचायला दिलेलं नाही. ओळी कुठे गेल्या असतील तर शोधून वाच.

ताई

१८ ऑक्टोबर

ताई,

ओळी सगळ्या सापडल्या.

बदलीचा माणूस या आठवड्यात निघतो आहे. त्याच्याबरोबर मीही. पायथ्याशी मला एक शांत घोडा मिळणार आहे. शांत म्हणजे किती, ते विचारायचं धाडस केलं नाही. मास्तरणीने माझ्या रिकिबी परत दिल्या आणि म्हणाली, “सर, आता आठवण झाली तरी दाबू नका.”

मी तुला ‘घाबरायचं काय त्यात’ असं म्हणणार नाही. ते वाक्य मी धंद्यातूनही काढून टाकलं आहे. तू हवं तेवढं घाबर. फक्त बसून घाबर. आपण दोन दिवस पोस्टाच्या अंगणातच राहू. पहिल्या दिवशी घोडा जागेवरून हलणार नाही, तुला ओळखीचा तसाच. खाली उतरताना तुझ्या घोड्याचा दोर माझ्या हातात असेल. म्हणजे तुझा ब्रेक माझ्याकडे. माझा ब्रेक कुणाकडे आहे ते आपण वाटेत बोलायला नको.

दूध आधीच तापवून ठेव. तो बहाणा मला चालणार नाही.

तुझा धाकटा

२८ नोव्हेंबर

धाकट्या,

हे पत्र मी ओळीवर लिहिते आहे. बघ.

वाट बंद व्हायच्या आधीचं हे शेवटचं टपाल आहे, म्हणून जे तोंडावर बोलले नाही ते लिहून टाकते. खाली येताना तू सगळ्या वाटेवर पुढून ‘समोर बघा, वळण आहे, हळू, हळू, छान’ असं म्हणत होतास. मला दोनदा ‘मॅडम’ म्हणालास. मी टोकलं नाही, कारण तुझाही आवाज कापत होता आणि तरी तू थांबत नव्हतास. तुला वाटलं मी धीराने बसले आहे. मला काही दिसतच नव्हतं रे. एका बाजूला काळपट काहीतरी होतं तो डोंगर, दुसऱ्या बाजूला पांढरट काहीतरी होतं ती दरी. ढग असावेत असं समजून मी उतरले.

डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा समोर एक म्हातारा बसला होता. मी विचारलं, “हे कोण?” तुम्ही सगळे हसलात. मी थट्टा केली नव्हती. तू वर आलास तेव्हाही मला धूसरच दिसला होतास, आणि आवाज तोच, म्हणून चेहरा मी जुनाच लावून घेतला होता. केस सगळे गेले आहेत तुझे. गालही बसले. आणि तू या वयात, ते कोपर घेऊन, माझ्यासाठी त्या जनावरावर चढलास. मी हसले तुमच्याबरोबर, पण मग तोंड धुवायला गेले ते बराच वेळ आले नाही. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. थोडं झालं.

आता परतीचं. डॉक्टरांनी घोड्याची परवानगी दिल्यावर तू बरोबर येतो म्हणत होतास आणि मी नको म्हटलं. तुझे गुडघे आणि क्लास ही नुसती सांगायची कारणं होती. मला बघायचं होतं, तू पुढून बोलला नाहीस तर मी बसते का. डाकवाल्याने दोर धरायला हात पुढे केला, त्याला म्हटलं राहू दे. हे मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आणि पहिल्या चढालाच पस्तावले.

कारण धाकट्या, ते ढग नव्हते. मला सगळं दिसत होतं. घोड्याचा खूर कुठे पडतो ते, आणि त्याच्या पलीकडे काय नाही ते. जिथे रस्ता ढासळला तिथे खाली जुन्या डांबराचा एक तुकडा अजून पडलेला आहे, त्याच्यावरचा पांढरा पट्टाही दिसला. माझी पाचावर धारण बसली. मग एक युक्ती सुचली. उजवा डोळा मिटला की नुसता डावा उरतो, आणि डाव्याला अजून ढगच दिसतात. मिटला की दरी नाहीशी. उघडला की परत हजर. तशी मी मिटून निघाले. घोडा चालत होता, मी बसले होते, काही अडत नव्हतं.

आणि मग माझा मलाच राग आला. एवढा खटाटोप करून डोळा आणला तो मिटून घ्यायला? त्यासाठी तू पडलास? उघडला. घोड्याची आयाळ मी इतकी घट्ट धरली की त्याने मान वळवून बघितलं. मिटला नाही. सबंध वाट बघत आले. भीती वाटत होती आणि सुंदर होतं, दोन्ही. पोस्टाच्या दारात उतरले तेव्हा डाकवाला म्हणाला, “बाई, कंबर?” मी म्हटलं, “बरी आहे. मांड्या गेल्या.”

डाव्या डोळ्याला पुढच्या वर्षी हात लावू असं डॉक्टर म्हणाले आहेत. त्या वेळी मी आपली आपण उतरेन. वाट उघडली की तू वर ये. मला न्यायला येऊ नकोस. राहायला ये.

ताई